‘महिलांचे मत’ : राजेश्वरी देशपांडे यांच्या मांडणीविषयी

पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन केलेल्या डॉ. राजेश्वरी देशपांडे यांनी २००४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये स्त्रियांच्या सहभागाचा आढावा घेतला. स्त्रियांची स्वतंत्र मतपेढी आहे काय, हा त्यांचा प्रश्न. नमुना सर्वेक्षणाच्या आधारे त्यांनी दाखविले की स्त्रियांची मतेही जात, वर्ग आणि प्रदेशानुसारच विभागतात. गोव्यात २०२२ मध्ये ४० पैकी केवळ ३ स्त्रिया आमदार का झाल्या, हे या मांडणीतून बरेच उलगडते. मते एकगठ्ठा नसतील, तर पक्षांना स्त्रियांना उमेदवारी देण्याची निकड वाटत नाही.

तथापि, राष्ट्रीय नमुना दोन लोकसभा जागांच्या गोव्यात फार खोल उतरत नाही. शशिकला काकोडकर डिचोलीतून निवडून आल्या. १९७३ ते १९७९ त्या मुख्यमंत्री होत्या. तेथील स्त्रियांनी त्यांना स्त्री म्हणून मत दिले, भाऊसाहेब बांदोडकरांची कन्या म्हणून, की मगोपची उमेदवार म्हणून? बहुधा तिन्ही कारणांनी. प्रश्नावलीत मात्र एकाच चौकटीत खूण होते. पेडणे तर अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रमुख उमेदवार एकाच प्रवर्गातले, मग ‘जातीनुसार मत’ हे स्पष्टीकरण तेथे निम्मे लंगडे पडते.

मतमोजणीत स्त्री-पुरुषांची मते वेगळी निघत नाहीत, म्हणून सर्वेक्षणाला पर्याय नाही, हे खरे. पण त्याच्या जोडीला पेडणे-डिचोलीतील स्त्रियांशी त्यांच्याच भाषेत सविस्तर बोलावे लागेल. हे काम आपले विद्यार्थी करू शकतात.