'असमाधानकारक' कोण?

विद्यापीठाचे नियम आपण वाङ्मय म्हणून वाचत नाही. कारकुनाने ते सांभाळावेत आणि विद्यार्थ्याने त्याखाली सही करावी, एवढाच त्यांच्याशी आपला संबंध. परंतु ज्या मजकुरावर माणसाचे आयुष्य उभे राहते किंवा मोडते, तो मजकूर समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. जे लिहिलेले आहे ते तपासून घ्यायचे, ही सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयीचे २०२२ चे विनियम माझ्यापुढे आहेत. प्रवेशाच्या तारखेपासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहायचे आणि अहवाल द्यायचा. प्रगती असमाधानकारक असेल तर समिती कारणे नोंदवील, उपाय सुचवील. ते अमलात आले नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करील.

वरवर पाहता यात आक्षेपार्ह काही नाही. पण 'असमाधानकारक' या शब्दापाशी थांबा. समाधान कोणाचे व्हायचे? समितीचे. आणि समितीचा निमंत्रक कोण? विद्यार्थ्याचा मार्गदर्शक. आता समजा, अहमदपूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा आंबेडकरी जलशांवर काम करतो आहे. मार्गदर्शकाला तो विषयच हलका वाटतो. हा मतभेद ज्ञानाचा आहे, दृष्टीचा आहे. कागदावर मात्र तो विद्यार्थ्याची मंद प्रगती म्हणून उतरू शकतो. शब्द मोघम असला की त्याचा अर्थ सत्ता ठरवते.

दुसरा प्रश्न काळाचा. सहा वर्षे सर्वांना सारखीच मोजली जातात. विभागाशेजारच्या वसतिगृहात राहणाऱ्याची तीच सहा, आणि तासिका तत्त्वावर शिकवून, सोयाबीनच्या काढणीला घरी हात लावून, एस.टी.ने नांदेड गाठणाऱ्याचीही तीच सहा. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना हे विनियम आणखी दोन वर्षे देतात. याचे स्वागतच केले पाहिजे. काळ सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, हे तत्त्व नियमाने इथे मान्य केले आहे. पण दारिद्र्याशी आणि जातीशी गाठ पडली की हेच तत्त्व त्याला आठवत नाही.

'आम्हालाही वर्षे वाढवून द्या' असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे साधे आहे. शिष्यवृत्ती रखडली, मार्गदर्शक निवृत्त झाला, समितीची बैठकच झाली नाही, तर ते महिने विद्यार्थ्याच्या खात्यावर का लिहायचे? प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन पुरे करावे, असे विनियम संस्थेलाही सांगतात. पण विद्यार्थ्याची मुदत टळली तर नोंदणी जाते. संस्थेची टळली तर काय जाते, हे त्या कलमात नाही.

मराठवाड्याला हा हिशेब नवा नाही. अहमदपूरचा विद्यार्थी पूर्वी औरंगाबादच्या विद्यापीठाचा होता. त्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर आमच्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले आणि अहमदपूर तिकडे गेले. आपलाच ठराव अमलात आणायला शासनाला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. ती प्रगती कोणत्या समितीने असमाधानकारक ठरवली?

आणि खुद्द बाबासाहेबांचे प्रगतिपुस्तक काढून पाहा. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, राहायला घर मिळाले नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि नवल भथेनांचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. मधली ही वर्षे कोणत्याही अहवालात 'प्रगती शून्य' अशीच दिसली असती. पण चार वर्षांच्या आत परतण्याची मुभा त्यांना होती, म्हणून दार बंद झाले नाही. १९२२ मध्ये सादर केलेला प्रबंध परीक्षकांनी सुधारायला सांगितला; १९२३ मध्ये तो मान्य झाला. कोलंबियाची गोष्ट याहून लांबलेली. प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय तिथे पदवी मिळत नसे. १९१३ मध्ये तिथे शिकायला गेलेल्या या विद्यार्थ्याचे पुस्तक १९२५ मध्ये छापून निघाले आणि पीएच.डी. पदरात पडली १९२७ मध्ये. बुद्धीला उशीर झाला नव्हता. पैशाला झाला होता.

यावर कोणी म्हणेल, मुदती सैल केल्या की दर्जा घसरेल. दर्जाची काळजी आम्हालाच अधिक आहे, कारण कच्च्या प्रबंधाचा कलंक आमच्या माथी लवकर बसतो. म्हणून न वाचताच अहवालावर 'समाधानकारक' असा शेरा मारणारा मार्गदर्शकही मला तितकाच दोषी वाटतो. त्याचे ते औदार्य नसते. या मुलाकडून काही अपेक्षाच नाही, असे तो गृहीत धरून चाललेला असतो. कठोर वाचन हाही विद्यार्थ्याचा हक्क आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनी आणि शिक्षकांनी हे विनियम मुळातून वाचावेत. कारणे लेखी नोंदवणे समितीवर बंधनकारक आहे. शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. ती प्रत मागा, जपून ठेवा. बैठक झाली नाही तर तसे त्याच तारखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समितीत अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातला सदस्य असावा लागतो, तिथे जा. आणि जी गोष्ट विनियमांत नाही ती संघटितपणे मागा : संस्थेच्या दिरंगाईचे महिने विद्यार्थ्याच्या मुदतीतून वगळले पाहिजेत. घड्याळ लावायचे असेल तर ते दोन्ही बाजूंना लागले पाहिजे.