थांबावं कधी, आणि ते ठरवायचं कोणी? : क्लेटन कर्शॉच्या निवृत्तीवरचा वाद

आजचा विषय बेसबॉलचा आहे. आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ फारसा पाहिलेला नसणार, म्हणून लागेल तेवढे नियम बोलता बोलता सांगत जाईन. मला मुख्यतः बोलायचंय ते रसिकांच्या न्यायनिवाड्याबद्दल. एखादा मोठा खेळाडू निवृत्त होतो, तेव्हा लोक त्याचा हिशोब कसा मांडतात, आणि तो मांडताना नेमकं काय चुकतं, हे बघायचंय.

18 सप्टेंबर 2025 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर क्लेटन कर्शॉ यानं हंगाम संपल्यावर निवृत्त होणार असल्याचं जाहीर केलं. वय 37. सगळी कारकीर्द, म्हणजे 2008 ते 2025 असे 18 हंगाम, एकाच संघात. त्या दिवसापासून अमेरिकेत जुनाच वाद नव्यानं पेटला. कोणी म्हणतं, हा आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ पिचर. कोणी म्हणतं, असेल, पण ऑक्टोबरमध्ये तो कच खायचा. आणि तिसरे म्हणतात, चार-पाच वर्षं आधीच थांबायला हवं होतं.

आधी आकडे बघू. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. त्याची गुणवत्ता मोजायचं एक जुनं माप आहे, ई.आर.ए. नऊ इनिंगांचा एक सामना धरला, तर हा पिचर सरासरी किती धावा देतो, तो हा आकडा. जितका कमी तितका चांगला. साधारण चारच्या आसपास असेल तर पिचर बरा समजतात. कर्शॉचा कारकिर्दीचा ई.आर.ए. आहे 2.53. खेळाचं 'लाइव्ह-बॉल' युग 1920 पासून धरतात. तेव्हापासून सामन्याची सुरुवात करणाऱ्या, दीर्घकाळ खेळलेल्या पिचर्समध्ये एवढा कमी आकडा दुसऱ्या कोणाचा नाही. 223 विजय, 96 पराभव. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार तीनदा: 2011, 2013 आणि 2014. त्यातल्या 2014 मध्ये तर 21 विजय आणि फक्त 3 पराभव, आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच. हा मान पिचरला क्वचितच मिळतो.

2 जुलै 2025 रोजी त्यानं तीन हजारावा स्ट्राइकआऊट घेतला. इतिहासात तिथवर पोचलेला तो विसावा पिचर, आणि डावखुऱ्यांमध्ये चौथा. एकाच संघाकडून खेळून हा टप्पा गाठणारे त्याच्याआधी दोनच, वॉल्टर जॉन्सन आणि बॉब गिब्सन.

मग वाद कसला? वाद ऑक्टोबरचा. नेहमीचा हंगाम 162 सामन्यांचा असतो. तो सप्टेंबरअखेर संपतो आणि मग मोजक्या संघांची बाद फेरी सुरू होते, तिच्या शेवटी वर्ल्ड सिरीज. ऑक्टोबरमधला कर्शॉ वेगळाच दिसतो. 13 विजय, 13 पराभव, आणि ई.आर.ए. साडेचारच्या आसपास. हे काही एक-दोन वाईट दिवसांमुळे झालेलं नाही. बाद फेरीत त्यानं 190हून अधिक इनिंग टाकल्यात, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या हंगामाचं काम. तेव्हा 'नमुनाच लहान आहे' असं म्हणून हे उडवून लावता येत नाही.

त्याचे चाहते इथे लगेच वकिली सुरू करतात. 2017 च्या वर्ल्ड सिरीजमधला पाचवा सामना घ्या. डॉजर्स 4-0 नं पुढे होते, कर्शॉला ती आघाडी टिकवता आली नाही, आणि ह्यूस्टननं तो सामना 13-12 असा जिंकला. पुढे चौकशीत निष्पन्न झालं, की त्या वर्षी ह्यूस्टनचा संघ कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा चोरायचा आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला इशारा द्यायचा. म्हणजे त्या सामन्याच्या हिशोबाला डाग आहे, हे खरंच.

दुसरा मुद्दा व्यवस्थापकांचा. हंगामात सुरुवातीचा पिचर साधारणपणे दर पाचव्या दिवशी फेकतो. ऑक्टोबरमध्ये कर्शॉला पुन्हापुन्हा त्याहून कमी विश्रांतीवर उतरवलं. 2014 मध्ये सेंट लुईसविरुद्ध तीनच दिवसांच्या विश्रांतीनंतर तो उतरला. सहा इनिंग एकही धाव दिली नाही. सातव्या इनिंगमध्येही त्यालाच ठेवलं, आणि मॅट अॅडम्सनं तीन धावांचा होमरन मारला. सामना 3-2 नं गेला. उलट बाजूचं उदाहरणही आहे. 2016 मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध सामना सुरू केल्यावर दोनच दिवसांनी तो निर्णायक सामन्याच्या शेवटी राखीव पिचर म्हणून आला आणि सामना राखला. थकलेल्या माणसाला पुढे करायचं, जिंकलं तर शाबासकी व्यवस्थापकाच्या धाडसाला, आणि हरलं तर दोष माणसाच्या काळजाला! असा हिशोब आपल्याकडच्या कचेऱ्यांमध्येही चालतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पण वकिली इथे थांबली पाहिजे. 2019 च्या निर्णायक सामन्यात संघ दोन धावांनी पुढे असताना कर्शॉनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन होमरन दिले, एक रेंडनला, एक सोटोला. 2023 मध्ये अॅरिझोनाविरुद्ध त्यानं एकच बॅटर बाद केला आणि सहा धावा दिल्या. इथे कोणी खुणा चोरलेल्या नव्हत्या. समीक्षकानं चाहता व्हायला हरकत नाही, पण चाहत्याला जे बघवत नाही तेही त्यानं नोंदवलं पाहिजे. कर्शॉ ऑक्टोबरमध्ये अनेकदा हरला, हे नोंदवूनच पुढे जाऊ.

आता ज्याच्याशी त्याची सतत तुलना होते, तो सँडी कोफॅक्स. तोही डॉजर्सचा, तोही डावखुरा. 1966 मध्ये 27 विजय, 1.73 ई.आर.ए., आणि त्याच नोव्हेंबरात निवृत्ती. वय अवघं 30. वर्ल्ड सिरीजमधला त्याचा ई.आर.ए. आहे 0.95. लोक म्हणतात, जावं तर असं. शिखरावर असताना, टाळ्या चालू असताना.

हे वाक्य आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या क्रिकेटमध्ये विजय मर्चंट यांच्या नावानं एक बोल पिढ्यानपिढ्या सांगतात: लोक 'आत्ताच का?' असं विचारतात तेव्हा थांबावं, 'अजून का नाही?' असं विचारेपर्यंत ताणू नये. कोणी रेंगाळला, की आपल्याकडे हा बोल ऐकवला जातोच. पण मर्चंट थांबले कसे, ते बघा. 1951 मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी 154 धावा काढल्या. ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला, आणि ती कसोटी शेवटची ठरली. वय 40. युद्धामुळे कितीतरी वर्षं वाया गेलेली, सगळ्या मिळून 10 कसोट्या. म्हणजे ज्या निवृत्तीकडे आपण विवेकाचा नमुना म्हणून बघतो, तिच्यात दुखऱ्या खांद्याचा मोठा वाटा होता.

कोफॅक्सचंही तेच. त्याच्या डाव्या कोपराला संधिवात होता. इंजेक्शनं आणि गोळ्या घेत तो खेळत होता. 1965 मध्ये त्यानं 335 इनिंग टाकल्या, 1966 मध्ये 323. कर्शॉची एका हंगामातली कमाल आहे 236. निवृत्त होताना कोफॅक्सनं पत्रकारांना सांगितलं, त्याचा आशय असा: बेसबॉलनंतरही बरंच आयुष्य उरलंय, आणि ते मला धड शरीरानं जगायचंय. 'शिखरावर असताना थांबलो' असा त्याचा दावा नव्हता, ते आपण म्हणतो. त्यानं हात वाचवला.

माझा आक्षेप इथे आहे. 'वेळेवर थांबणं' हा गुण म्हणून आपण गौरवतो, तेव्हा अनेकदा आपण एका मोडलेल्या शरीराला शहाणपणाचं श्रेय देत असतो. आणि ज्याचं शरीर मोडूनही थोडंफार चालत राहिलं, त्याला लोभी ठरवत असतो. दोघांच्या स्वभावात फरक असेलही, पण या पुराव्यावरून तो सिद्ध होत नाही.

शिवाय तुलना करताना काळ विसरून चालत नाही. कोफॅक्सच्या वेळी बाद फेरीच नव्हती. लीग जिंकली की थेट वर्ल्ड सिरीज. त्यानं चार वर्ल्ड सिरीजमध्ये मिळून 57 इनिंग टाकल्या आणि त्या अप्रतिम टाकल्या. पण गंमत बघा, 0.95 ई.आर.ए. असूनही त्याचा हिशोब 4 विजय, 3 पराभव एवढाच. संघानं धावाच काढल्या नाहीत, तर पिचर काय करणार? म्हणून 13-13 हा आकडा फेकून कर्शॉला गप्प करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. ई.आर.ए. दाखवा, मान्य. जय-पराजयाचा आकडा फार काही सिद्ध करत नाही.

'उशिरा थांबला तर नाव खराब होतं', हा समज तरी खरा आहे का? स्टीव्ह कार्लटन घ्या. तोही डावखुरा. 1972 मध्ये फिलाडेल्फियानं अख्ख्या वर्षात 59 सामने जिंकले, त्यातले 27 एकट्या कार्लटननं! 1986 मध्ये त्या संघानं त्याला सोडलं. तरी तो हटला नाही. दोन वर्षांत आणखी चार संघ हिंडला, मार खाल्ला, आणि 1988 मध्ये थांबला. तेव्हा लोक हळहळले, हसलेही. 1994 मध्ये तो पहिल्याच फेरीत 95 टक्क्यांहून अधिक मतांनी हॉल ऑफ फेममध्ये गेला. आज कार्लटन म्हटलं की 1972 आठवतं, शेवटची दोन वर्षं कोणाच्या लक्षातही नसतात. तेव्हा नाव खराब होण्याची भीती खेळाडूपेक्षा आपल्यालाच जास्त असते. आपलं तरुणपण ज्याच्यासोबत गेलं, तो म्हातारा दिसायला लागला की आपल्याला बघवत नाही. हे दुःख खरं आहे. पण ते आपलं आहे, त्याची वसुली खेळाडूकडून करू नये.

आता कर्शॉची शेवटची वर्षं. 2022 पासून तो दरवर्षी एकेका वर्षाचा करार करत होता, म्हणजे दर हिवाळ्यात तोच प्रश्न. 2023 च्या अखेरीस खांद्यावर शस्त्रक्रिया. 2024 मध्ये पायाच्या दुखण्यानं ऑक्टोबर हुकला. एकेकाळी ताशी 94 मैलांच्या आसपास जाणारा चेंडू आता 89 च्या घरात. आणि या हातानं त्यानं 2025 मध्ये 11 विजय मिळवले, 2 पराभव, ई.आर.ए. 3.36. वेग गेल्यावर पिचरकडे काय उरतं? जागा उरते. बॅटरला कुठला चेंडू नकोय त्याची जाण उरते. पहिला चेंडू कसा टाकला म्हणजे तिसरा फसवेल, हा हिशोब उरतो. गळा गेलेला गवय्या कमी स्वरांत राग उभा करतो, तेव्हा आपण कान देऊन ऐकतो, त्याला 'घरी बसा' म्हणत नाही. खेळाडूला ही सवलत का नसावी? मैदानावर निकाल लागतो आणि मैफलीत लागत नाही, हे कबूल. पण 11-2 हा निकालच आहे.

आता शेवटचं चित्र. 27 ऑक्टोबर 2025, टोरंटोविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना. बरोबरी, बारावी इनिंग, तिन्ही बेसवर टोरंटोचे खेळाडू, दोन बाद. कर्शॉ आत आला. एक बॅटर, नेथन ल्यूक्स. आठ चेंडूंनंतर साधा जमिनीवरचा फटका, बाद. पुढे अठराव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी 6-5 नं सामना जिंकला, आणि नंतर सिरीजही.

यावर काही जण म्हणाले, ऑक्टोबरचा डाग धुतला गेला. मला हे पटत नाही. एका बॅटरनं 190 इनिंगांचा हिशोब बदलत नाही. तसंच 2020 ची वर्ल्ड सिरीज, जिच्यात त्यानं दोन सामने जिंकले, ती हंगाम 60 सामन्यांचा होता म्हणून खोटीही ठरत नाही. त्या बाराव्या इनिंगचं मोल वेगळं आहे. 37 वर्षांचा, वेग गेलेला माणूस शेवटच्या महिन्यातही उपयोगी पडला, एवढंच ती सांगते. आणि चार वर्षांपूर्वी आपलं ऐकून तो थांबला असता, तर एवढंही झालं नसतं.

2031 मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेमच्या मतदानाला येईल. तिथे 75 टक्के मतं लागतात, ती मिळण्यात अडचण दिसत नाही. म्हणून तोवर वाद घालायचाच असेल, तर तीन प्रश्न वेगळे ठेवा. तो सर्वोत्तम असताना किती चांगला होता? किती काळ चांगला राहिला? आणि निर्णायक सामन्यांत काय केलं? कर्शॉच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर 'अतुलनीय', दुसऱ्याचं 'फार काळ', आणि तिसऱ्याचं 'बऱ्याचदा अपुरा पडला'. ही तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. तिसऱ्यानं पहिलं खोडायचं नाही, की पहिल्यानं तिसरं झाकायचं नाही.

आणि चौथा प्रश्न, 'कधी थांबायला हवं होतं?', तो या यादीत घालूच नका. शरीर त्याचं, हात त्याचा. संघाला नको असेल तर संघ करार करणार नाही, तो त्यांचा अधिकार. आपण तिकीट काढतो ते सामन्याचं.