परिचारिकेचें घड्याळ

लोकांस कांहीं पटवून देण्याच्या हेतूनें लिहिलेलें वाङ्मय कलेच्या कसोटीस उतरत नाहीं, हें मत फडके-खांडेकर वादापासून आपणांकडे वारंवार ऐकूं येतें. त्याची परीक्षा पाहावयाची असेल, तर थेरेसा ब्राउन ह्या अमेरिकन परिचारिकेचें ‘द शिफ्ट’ (२०१५) हें पुस्तक रसिकांनीं अवश्य वाचावें.

बाईंचा पूर्ववृत्तांत असामान्य आहे. शिकागो विद्यापीठाची इंग्रजी वाङ्मयांतील डॉक्टरेट मिळवून त्या टफ्ट्स विद्यापीठांत शिकवीत होत्या. तें सोडून त्यांनीं परिचर्येचें शिक्षण घेतलें व पिट्सबर्ग येथें कर्करोग्यांची सेवा पत्करली. पुढें ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून त्या लिहूं लागल्या आणि खाटेजवळची परिचारिका सार्वजनिक वादांत उतरली. एका परिचारिकेवर किती रुग्ण सोंपवावे, हा त्या वादांतील कळीचा प्रश्न.

‘द शिफ्ट’ची बांधणी साधी आहे: बारा तासांची एक पाळी व चार रुग्ण. जें औषध द्यावयाचें तेंच एका अशक्त वृद्धाच्या जिवावर बेतेल कीं काय, ही धास्ती. दुसरीच्या पोटदुखीचें कारण आंतड्यास पडलेलें छिद्र. तिसरी घरीं निघालेली. एकाजवळ क्षणभर बसावें तों दुसऱ्याची हाक येते. वाचकास धाप लागते, आणि ही धाप हाच लेखिकेचा युक्तिवाद होय. मधून मधून ती थांबून रुग्णालयाच्या व्यवस्थेवर विवेचन करूं लागते. तेवढ्यापुरता कथेचा वेग मंदावतो, हा दोष आम्ही लपवीत नाहीं.

त्याच पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील १६८ रुग्णालयांविषयीं लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं संशोधन प्रसिद्ध केलें. परिचारिकेमागें एक रुग्ण वाढला असतां, शस्त्रक्रिया झालेल्यांस तीस दिवसांत मृत्यु येण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं अधिक आढळला. कॅलिफोर्नियानें तर १९९९ सालींच हें प्रमाण ठरविणारा कायदा केला व २००४ पासून तो अमलांत आला. आंकडा बुद्धीस पटतो; पण त्या वाढलेल्या एका रुग्णास चेहरा असतो, हें दाखविणें वाङ्मयाचेंच काम.

२०१७ सालीं खुद्द लेखिकेस स्तनाचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. त्या अनुभवावरील ‘हीलिंग’ (२०२२) ह्या पुस्तकांत घड्याळ तेंच, पण तें आतां खाटेवरून दिसतें. धांवणारीस जे क्षण अपुरे पडत, तेच वाट पाहणारीस संपतां संपत नाहींत. रुग्णांचें दुःख आपणांस खरोखर कितपत कळलें होतें, असें ती स्वतःस विचारते. ह्या आत्मपरीक्षणानें तिच्या पूर्वीच्या मागणीस नवें बळ येतें. कारण आतां ती केवळ स्वतःच्या पेशाची कैवारी राहत नाहीं.

परिचारिकेस आपण दयेची देवी म्हणतों. ह्या स्तुतींत एक सोय दडलेली आहे: देवीच्या हातीं किती खाटा दिल्या, हें कोणी मोजीत नाहीं. ब्राउनबाईंनीं देवीपण नाकारून मोजदाद मागितली. त्या मागणीनें त्यांची कला उणावली नाहीं. आमच्या मतें ती त्या मागणींतूनच उपजली.