चौपट म्हणजे नेमके किती? लष्करी व्हिडिओ गेममधील स्कोपचे विशालन

‘आर्मा ३’ (२०१३) हा चेक कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा गेम तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. त्यात रायफलीवर स्कोप नसला तरी माउसचे उजवे बटण दाबून धरले की दृश्य जवळ येते. ‘सैनिकाला गरुडाचे डोळे दिलेत का?’ अशी याची थट्टा होते. माझ्या मते मात्र हाच या गेममधला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. चूक आहे ती स्कोपमध्ये.

आकडेमोड करून पाहा. समजा, गेमचे आडवे दृष्टिक्षेत्र ९० अंश आहे. तुमच्यासमोर २४ इंची पडदा आहे, म्हणजे रुंदी सुमारे ५३ सेंमी, आणि तुम्ही ६० सेंमी अंतरावर बसला आहात. या पडद्याने तुमच्या नजरेतला फक्त ४८ अंशांचा भाग व्यापला जातो. ९० अंशांचे जग ४८ अंशांत कोंबले, की पडद्याच्या मध्यभागी प्रत्येक वस्तू सव्वादोन पटींनी लहान दिसते. पिक्सेलचे दुखणे त्यात वेगळेच. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर ३०० मीटरवरचा १.७ मीटर उंचीचा माणूस जेमतेम पाच पिक्सेल भरतो. निरोगी डोळा एक आर्क मिनिटाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो, म्हणजे तोच माणूस त्याच्यासाठी जवळजवळ वीस टिंबांइतका उंच असतो. तेव्हा उजवे बटण गरुडाचे डोळे देत नाही. पडद्याने हिरावलेले माणसाचे डोळे काही अंशी परत करते.

आता स्कोप. सोव्हिएत द्रागुनोव रायफलीवरचा पीएसओ-१ हा चौपट विशालनाचा स्कोप घेऊ. नवशिका प्रोग्रामर ९० ला ४ ने भागून २२.५ अंश ठेवतो. हे चूक आहे. विशालन कोनांच्या नव्हे, अर्धकोनांच्या टँजंटच्या गुणोत्तरावर ठरते, २२.५ अंशांत पाचपट मोठे दिसते, चौपटीसाठी २८ अंश लागतात. पण ही दुरुस्ती केली तरी प्रश्न उरतोच: चौपट कशाच्या? आधीच सव्वादोन पटींनी आक्रसलेल्या चित्राच्या! उघड्या डोळ्याच्या तुलनेत हाती पडते ते पावणेदोन पटींच्या आसपास.

विशालनात कमी पडणारा गेम दृष्टिक्षेत्र मात्र सढळ हाताने देतो. पीएसओ-१ मधून खरोखर सहा अंशांचाच टापू दिसतो. ‘आर्मा ३’ मध्ये स्कोपला डोळा लावला की सगळा पडदाच मोठा होतो. नळीबाहेरचे गवतसुद्धा फुगते. खरा नेमबाज इथे काहीतरी गमावतो: लक्ष्य जवळ येते, पण आजूबाजूचे दिसेनासे होते. ही किंमत वगळली की स्कोप निव्वळ फायद्याचे साधन उरतो, आणि कधी डोळा लावावा, कधी काढावा, हा निर्णयच खेळातून निघून जातो. मला हा दोष आकड्यांच्या चुकीपेक्षा मोठा वाटतो.

‘इन्सर्जन्सी: सँडस्टॉर्म’ (२०१८) मध्ये फक्त भिंगातले चित्र मोठे होते, बाकीचे जग होते तसेच राहते. त्यासाठी तेच दृश्य दोनदा रेखाटावे लागते आणि संगणकावर ताण येतो, त्यामुळे हा मार्ग सगळे घेत नाहीत. तरी दिशा बरोबर आहे.

हा काथ्याकूट केवळ गेमपुरता नाही. बोहेमियाच्याच ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ (२००१) च्या इंजिनातून वीबीएस ही प्रणाली निघाली आणि ती लष्करी प्रशिक्षणात वापरली जाते. आक्रसलेल्या पडद्यावर नजरेने अंतर जोखायला शिकलेला शिकाऊ सैनिक मैदानात सगळेच जवळ आहे असे समजण्याचा संभव आहे.

उपाय फार अवघड नाही. ‘आयरेसिंग’ हा मोटरशर्यतीचा गेम खेळाडूकडून पडद्याचे माप आणि डोळ्यापासूनचे अंतर घेऊन दृष्टिक्षेत्र ठरवून देतो. लष्करी गेममध्ये ही पद्धत मला दिसलेली नाही. परिणाम काय होतो ते पाहा: ५० सेंमीवर ठेवलेल्या साडेपंधरा इंची लॅपटॉपची रुंदी सुमारे ३४ सेंमी असते. मग वसतिगृहातल्या तुमच्या लॅपटॉपवर तोच ‘चौपट’ स्कोप दीडपटही भरत नाही, आणि मोठ्या पडद्यासमोर बसलेला तुमचा प्रतिस्पर्धी त्याच स्कोपमधून तुम्हाला अधिक मोठे पाहत असतो.