सौरप्रतिमाने आणि अगोचर कारणे

वस्तुमान, वय, तेज व रासायनिक घटना एवढ्या सामग्रीवरून सूर्यगर्भाची स्थिती गणिताने ठरविणे, हे सौरप्रतिमानाचे कार्य होय. प्रमाणभूत प्रतिमानात परिवलन व चुंबकीय क्षेत्र यांना स्थान नसते. गणित व निरीक्षण यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजे मात्र वगळलेल्या वा कल्पिलेल्या कारणांस पाचारण केले जाते. त्यांची योग्यता कोणत्या कसोटीवर ठरवावी?

रेमंड डेव्हिस यांच्या १९६८ पासूनच्या प्रयोगांत सौर न्यूट्रिनो बाहकॉल यांच्या गणिताच्या सुमारे एक-तृतीयांशच आढळले. १९८५ मध्ये स्पर्गेल व प्रेस यांनी सुचविले की, सूर्यात अडकलेले कृष्णद्रव्याचे कण गर्भातील उष्णता बाहेर वाहून नेत असावेत. गर्भाचे तपमान सुमारे दीड कोटी अंश आहे. ते किंचित उतरले तरी बोरॉनजन्य न्यूट्रिनो पुष्कळ घटतात. १९८६ मध्ये व्होलोशिन, व्यसोत्स्की व ओकुन यांनी विद्युतचुंबकीय मार्ग दाखविला : न्यूट्रिनोस पुरेसे चुंबकीय आघूर्ण असेल, तर सूर्याच्या क्षेत्रात त्याचा फिरकीभाव उलटून तो उपकरणास अगोचर होईल. दोहोंनी एकच तूट भरून काढली. पण पहिलीने सूर्य बदलला, दुसरीने त्याचा दूत. पुढे २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी वेधशाळेने न्यूट्रिनो वाटेत रूप पालटतात, हे सिद्ध केले. सूर्याचे गणित मूलतः बरोबर होते. बदलला होता दूतच; मात्र त्यासाठी चुंबकीय आघूर्णाची गरज पडली नाही.

हाच प्रसंग पुन्हा उद्भवला. आस्प्लुंड व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सूर्यातील जड मूलद्रव्यांचे प्रमाण कमी ठरविले. त्यावरून संवहन-स्तराचा तळ त्रिज्येच्या ०.७२८ भागावर येऊ लागला. सौरकंपने तो ०.७१३ वर दाखवितात. २०१५ मध्ये व्हिन्सेंट, स्कॉट व सेरेनेली यांनी प्रोटॉनाच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाचा कृष्णद्रव्यकण कल्पून मेळ बराच सुधारला. एकाहून अधिक निरीक्षणे त्याने एकत्र जुळतात, हा त्या कल्पनेचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु त्याच वर्षी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत लोहाची अपारदर्शकता गणिताहून बरीच अधिक आढळली, आणि २०२२ मध्ये माग व सहकाऱ्यांनी जड मूलद्रव्यांचे प्रमाण पुन्हा वाढविले. परिचित द्रव्याचाच हिशेब असा अपुरा असताना अपरिचित द्रव्याच्या नावे तूट मांडणे घाईचे ठरते.

दीर्घिकांच्या गतीवरून कृष्णद्रव्यास मिळणारा आधार याने उणावत नाही. जुळणी हा पुरावा नव्हे, एवढेच येथे अभिप्रेत आहे. ज्या विसंगतीसाठी कारण योजिले, तिच्याबाहेरच्या एखाद्या स्वतंत्र मापनाचे भाकीत त्याने करावे व ते खरे ठरावे. तोवर ते कारण नसून विसंगतीचे दुसरे नाव होय.