पेंढा भरलेल्या प्राण्यांचे बदलते बाजारमूल्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

जुन्या वस्तूंच्या व्यापारात ‘जितके जुने तितके महाग’ हे सूत्र सर्रास गृहीत धरले जाते. पेंढा भरून जतन केलेल्या प्राण्यांच्या, म्हणजेच टॅक्सिडर्मीच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. येथे वस्तू तीच राहते. तिच्या मूल्याचा आधार बदलत जातो. हा बदल कसा घडला आणि त्यातून आपल्याकडील संग्रहांविषयी कोणता प्रश्न उभा राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुर्मीळता आणि कारागिरी

ग्रेट ऑक हा न उडणारा समुद्रपक्षी 1844 च्या सुमारास नामशेष झाला. 1971 मध्ये लंडन येथील सदबीजच्या लिलावात त्याचा एक नमुना आइसलँडने 9,000 पौंडांना घेतला. त्यासाठी तेथील जनतेने वर्गणी जमवली होती. या किमतीमागे दुर्मीळता होती, हे उघड आहे. वॉल्टर पॉटर (1835-1918) यांचे उदाहरण याउलट आहे. या इंग्रज कारागिराने ससे, चिमण्या, मांजरीची पिल्ले अशा सामान्य प्राण्यांना माणसांच्या भूमिका देऊन देखावे रचले. सप्टेंबर 2003 मध्ये बॉनहॅम्सने त्यांचा संग्रह सुटा सुटा विकला, तेव्हा कॉक रॉबिनच्या अंत्यविधीच्या देखाव्यास 23,500 पौंड आले आणि एकूण विक्री पाच लाख पौंडांहून अधिक झाली. संपूर्ण संग्रहासाठी दहा लाख पौंड देण्याची तयारी कलावंत डेमियन हर्स्ट यांनी जाहीरपणे व्यक्त केली होती. लिलावाने प्रत्येक वस्तूची किंमत ठरवली. पण संग्रहाची एकसंधता त्यात हरवली.

नामपट्टी आणि कायदा

संस्थानिक व ब्रिटिश अधिकारी यांनी मारलेल्या वाघ-बिबट्यांचे जतन करणारी म्हैसूरची व्हॅन इंगेन ही कंपनी 1999 मध्ये बंद पडली. ब्रिटनमधील लिलावांत तिच्या नामपट्टीला आजही मान आहे. परंतु तेथे वाघासारख्या संरक्षित प्राण्याचा नमुना 3 मार्च 1947 पूर्वी तयार झाल्याचे सिद्ध झाले, तरच तो स्वतंत्र प्रमाणपत्राविना विकता येतो. म्हणजे कारागिरी सारखीच असली, तरी विक्रीची वाट कागदोपत्री पुराव्यावर अवलंबून राहते.

गेंड्याच्या बाबतीत तर मूल्याने संपूर्ण नमुन्याला सोडून केवळ शिंगाचा आश्रय घेतला. जुलै 2011 मध्ये इंग्लंडमधील इप्सविच संग्रहालयातून गेंड्याचे शिंग चोरीस गेले. अशा चोऱ्यांमुळे युरोपातील अनेक संग्रहालयांना खरी शिंगे काढून प्रतिकृती बसवाव्या लागल्या. बाजारभाव वाढल्याने वस्तू सुरक्षित होते, ही समजूत येथे खोटी ठरते.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि विशेषतः त्यातील 1986 च्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांच्या अवशेषांचा व्यापार थांबवला. 2002 च्या दुरुस्तीनंतर असे अवशेष नव्याने मिळवण्याचा मार्ग मुख्यतः वारसाहक्कापुरता उरला. 2022 च्या दुरुस्तीने मालकी प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीस ते स्वेच्छेने शासनाच्या स्वाधीन करण्याची मुभा दिली. मात्र त्याचा मोबदला मिळत नाही. थोडक्यात, कायदेशीर बाजारभाव शून्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे धोरण योग्यच आहे; कारण जुन्या कातड्याला भाव आला, की नव्या शिकारीला आडोसा मिळतो.

तथापि, भाव शून्य होणे आणि मूल्य शून्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्राणी कोठे, केव्हा व कोणाकडून मिळाला, याची नोंद असलेला नमुना त्या काळातील प्रजातींच्या विस्ताराचा पुरावा असतो. नोंद हरवली, की उरते ते केवळ धूळ खाणारे कातडे. बाजार नसल्यामुळे नोंद जपण्याचे आर्थिक कारणही आपल्याकडे उरत नाही.

निष्कर्ष

टॅक्सिडर्मीची किंमत दुर्मीळता, कारागिरी, नामपट्टी आणि कायदा या आधारांवर फिरत राहिली. अभ्यासमूल्याला बाजाराने क्वचितच स्थान दिले. ते स्थान देण्याची जबाबदारी शैक्षणिक संस्थांवर येते. प्राणिशास्त्र विभागांच्या कपाटांतील जुन्या नमुन्यांची स्थळ, काळ व स्रोत यांसह नोंदवही तयार करणे, हे त्यातील पहिले पाऊल होय. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, तिला निदान अभ्यासक तरी मिळायला हवा.