अमेरिकन यादवी युद्धातील पत्रे व रोजनिश्या : प्रांजळपणाच्या कसोटीचा पुनर्विचार

पत्र आणि रोजनिशी या वाङ्मयप्रकारांची चर्चा निघाली की मराठी समीक्षेत एक शब्द हटकून येतो, आणि तो म्हणजे प्रांजळपणा. लेखकाने जे अनुभवले ते आडपडदा न ठेवता, वाचकाकडे दृष्टी न ठेवता लिहिले, एवढ्यावरून त्या लेखनाची वाङ्मयीन योग्यता सिद्ध झाली असे मानले जाते. ही कसोटी कितपत टिकते हे पाहावयाचे असेल, तर एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लिहिल्या गेलेल्या खाजगी पत्रांइतके आणि रोजनिश्यांइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल.

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत या युद्धाने घेतलेल्या बळींचा आकडा दीर्घकाळ ६,२०,००० मानला जात असे. २०११ साली जे. डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेच्या आधारे तो साडेसात लाखांच्या आसपास असावा असे दाखविले. एवढा संहार होत असताना सैन्य लिहीत होते. उत्तरेकडील गोऱ्या सैनिकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेकडील ऐंशी टक्क्यांहून अधिक साक्षर होते, आणि विसाव्या शतकातील महायुद्धांप्रमाणे त्यांच्या पत्रांवर लष्करी तपासनिसाची कात्री चालत नव्हती. बेल विली यांनी १९४३ आणि १९५२ साली दोन्ही बाजूंच्या सामान्य शिपायांचे जीवन रेखाटले ते मुख्यत्वे या पत्रांच्या आधारे. पुढे १९९७ साली जेम्स मॅकफर्सन यांनी १,०७६ सैनिकांचा पत्रव्यवहार व रोजनिश्या अभ्यासून ते कशासाठी लढले याची मीमांसा केली. युद्धानंतर लिहिलेल्या आठवणी त्यांनी बुद्ध्याच बाजूला ठेवल्या. राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल समकालीन पत्राला वरचे स्थान दिले, त्याच जातीचा हा निवाडा आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो योग्यच होय. पण वाङ्मयविचारात तो जसाच्या तसा आणला की घोटाळा सुरू होतो.

प्रथम पत्रांकडे पाहावे. छावणीतून घरी गेलेल्या पत्रांत एक मोठा वर्ग सांत्वनपत्रांचा आहे. एखादा शिपाई मरण पावला की त्याचा सोबती, वरिष्ठ अधिकारी किंवा शुश्रूषा करणारी स्त्री त्याच्या घरी पत्र लिही. या पत्रांचा साचा इतका ठरलेला आहे की दहा पत्रे वाचल्यावर अकराव्यातील मजकूर आधीच सांगता यावा. मरणारा शुद्धीवर होता, त्याला मृत्यूची जाणीव होती, त्याची श्रद्धा अढळ होती, शेवटी त्याला घरच्यांची आठवण झाली. ड्रू गिल्पिन फॉस्ट यांनी आपल्या २००८ सालच्या ग्रंथात या साच्याचे मूळ ‘सुमरण कसे असावे’ हे शिकविणाऱ्या जुन्या ख्रिस्ती परंपरेत दाखविले आहे. बिछान्याशी आई किंवा पत्नी असती तर तिने जे पाहिले असते, ते तिला शेकडो मैलांवरून शब्दांनी दाखवावयाचे, हे या पत्रांचे कार्य होते. त्यांत प्रांजळपणा किती असा प्रश्न विचारणे म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहिणाऱ्याने खरोखर साष्टांग घातला होता काय, असे विचारण्यासारखे आहे. साचा आणि शोक यांत विरोध नाही. ज्याला लिहिण्याचा सराव नाही अशा माणसाचा शोक साच्याच्याच आधाराने उभा राहतो. शिवाय पुष्कळदा पत्र एकाचे असे आणि हात दुसऱ्याचा. वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत वॉल्ट व्हिटमन जखमींच्या उशाशी बसून त्यांची पत्रे लिहून देत असे. त्या पत्रांतील शब्द कोणाचे, हे ठरविण्यास आज मार्ग नाही, आणि ते ज्या घरी पोचले तेथे ही शंका कोणी घेतली असेल असेही वाटत नाही.

या युद्धातील सर्वांत प्रसिद्ध पत्राचीही स्थिती पाहण्यासारखी आहे. र्‍होड आयलंडच्या दुसऱ्या पलटणीतील मेजर सलिव्हन बलू याने १४ जुलै १८६१ रोजी वॉशिंग्टनजवळच्या छावणीतून पत्नीला पत्र लिहिले आणि आठवड्याभराने बुल रनच्या लढाईत तो प्राणघातक जखमी झाला. १९९० साली केन बर्न्स यांच्या दूरचित्रवाणीवरील माहितीपटात हे पत्र वाचले गेले आणि देशभर त्याचा बोलबाला झाला. या पत्राची मूळ प्रत मात्र उपलब्ध नाही. आज जो मजकूर वाचला जातो तो नकलांवरून घेतलेला आहे, आणि त्या नकलांतही फरक आहेत. ज्या वाचकांना ‘अस्सल’ची ओढ आहे त्यांनी डोक्यावर घेतलेल्या पत्राचे अस्सल हाती नसावे, हा विनोद नजरेआड करण्यासारखा नाही. घोटीव, लयबद्ध आणि आधीच वाङ्मयीन होऊन आलेले लेखनच लोकांना अधिक प्रांजळ वाटते, असा याचा अर्थ होतो.

हा प्रश्न अत्यंत तीव्र रूपाने उभा राहतो तो मेरी बॉयकिन चेस्नट हिच्या रोजनिशीच्या बाबतीत. १८२३ साली दक्षिण कॅरोलायनात जन्मलेली ही स्त्री गुलामांच्या मालकांच्या वर्गातली. तिचा पती जेम्स चेस्नट हा १८६० साली अमेरिकन सेनेटचा राजीनामा देणारा पहिला दाक्षिणात्य सभासद होता. पुढे तो दाक्षिणात्य राज्यसंघाचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याचा साहाय्यक झाला. त्यामुळे युद्धाचा कारभार तिने दिवाणखान्यातून, जेवणाच्या मेजावरून पाहिला. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटनच्या गच्चीवरून सम्टर किल्ल्यावरील तोफांचा मारा तिने पाहिला. त्याच वर्षी तिच्या एका वृद्ध नातलग स्त्रीचा घरच्याच गुलामांनी गुदमरवून खून केल्याची वार्ता तिने टिपली. आणि १८६५ मध्ये शर्मनच्या सैन्यापुढे घरदार सोडून जाण्याची पाळी तिच्यावर आली. युद्धानंतर दारिद्र्य आले. लोणी आणि अंडी विकून ती थोडे पैसे मिळवी. १८८६ साली ती वारली तेव्हा तिच्या नावावर प्रसिद्ध ग्रंथ नव्हता.

‘अ डायरी फ्रॉम डिक्सी’ या नावाने तिचे लेखन प्रथम १९०५ साली आणि पुन्हा १९४९ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या आवृत्तीचे संपादक बेन एम्स विल्यम्स हे स्वतः कादंबरीकार होते, आणि त्यांनी संपादकाला साजण्यापेक्षा अधिक स्वातंत्र्य घेतले. एडमंड विल्सन यांनी १९६२ च्या ‘पेट्रिऑटिक गोअर’ या ग्रंथात तिची जी थोरवी गाइली, ती ही समकालीन रोजनिशी आहे असे समजून. पुढे १९८१ साली इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी हस्तलिखितांवरून नवे संस्करण सिद्ध केले, तेव्हा सर्वसामान्य वाचकाला कळले की हा मजकूर युद्धकाळातला नव्हेच. १८८१ ते १८८४ या वर्षांत, म्हणजे पराभवानंतर पंधराहून अधिक वर्षांनी, जुन्या टिपणांच्या आधारे तिने तो नव्याने लिहिला होता. तारखा मात्र युद्धकाळाच्याच ठेवल्या होत्या. तिने संभाषणे रचली, स्वतःची मते दुसऱ्यांच्या तोंडी घातली, अतिखाजगी मजकूर गाळला. समीक्षक केनेथ लिन यांनी ही फसवणूक आहे असा उघड आरोप केला. वुडवर्ड यांच्या संस्करणाला मात्र १९८२ साली इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

लिन यांचा आरोप कठोर असला तरी निराधार नाही. दिनांक घालून लिहिणे हीच वाचकाला दिलेली एक ग्वाही असते, आणि ती ग्वाही येथे पाळलेली नाही. पण यावरून ग्रंथाची वाङ्मयीन किंमत उतरते काय? येथे रोजनिशीचे खरे मर्म कशात आहे याचा विचार करावा लागतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचे ठाऊक नसते. आठवणी लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून त्याच्या लेखनात प्रत्येक प्रसंग शेवटाकडे तोंड करून उभा राहतो. रोजनिशीत प्रसंग भोवतालच्या धुक्यात उभा असतो. चेस्नटबाईंचे असामान्यत्व हे की पराभव, दारिद्र्य, पतीचे वार्धक्य हे सारे पाहून झाल्यावर लिहावयास बसूनही त्यांनी ते धुके बव्हंशी जपले. १८६१ च्या नोंदीत युद्ध लवकर आटोपेल असे म्हणणारे म्हणतच राहतात. लेखिका त्यांना थांबवीत नाही. हे अज्ञान नव्हे, अज्ञानाची पुनर्निर्मिती आहे, आणि ती कादंबरीकाराची शक्ती आहे. विल्सन यांना या ग्रंथात कादंबरीचे गुण जाणवले होते. वस्तुस्थितीविषयी त्यांची माहिती चुकीची होती. त्यांची रसिकता चुकली नव्हती.

मराठी वाचकाला येथे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८५७ च्या घटनांनंतर सुमारे पाव शतकाने लिहिलेले, १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी फेरफार करून प्रसिद्ध केलेले आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ रूपात आणलेले हे पुस्तक त्याच प्रश्नाच्या आवर्तात सापडते. फरक एवढाच की गोडसे भटजींनी रोजनिशीचे रूप घेतले नाही, त्यामुळे त्यांच्यावर चेस्नटबाईंसारखा आरोप येत नाही.

१८६० च्या दशकातील मूळ वह्यांपैकी ज्या उरल्या, त्या वुडवर्ड आणि एलिझाबेथ म्यूलनफेल्ड यांनी १९८४ साली स्वतंत्रपणे छापल्या, हे फार बरे झाले. कारण गुलामगिरीविषयीचा तिचा तिटकारा हा युद्ध हरल्यानंतरचे शहाणपण असता, तर त्याचे मोल काय राहिले असते? पण १८६१ च्या वहीतच तो आहे. मात्र हा तिटकारा कोणत्या जातीचा आहे हे तिच्या चाहत्यांनी पुरेसे पाहिलेले नाही. मालक आणि गुलाम स्त्रिया यांच्या संबंधांतून गोऱ्या पत्नीची जी विटंबना होते, तिचा तो संताप आहे. गुलाम स्त्रीच्या बाजूने तो क्वचितच विचार करतो. चार्ल्सटनमध्ये तोफा गडगडत असताना घरातील नोकरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, याचे तिने जे वर्णन केले आहे ते प्रसिद्ध आहे. ती ते चेहरे न्याहाळते. ते चेहरे तिला वाचता येत नाहीत. एवढे कबूल करण्याइतकी ती मोठी लेखिका आहे, पण त्यापलीकडे तिची वाट नाही.

त्या चेहऱ्यांमागे काय होते हे पाहण्यासाठी दुसऱ्याच कागदांकडे वळावे लागते. मेरिलँड विद्यापीठात १९७६ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पाने सरकारी दप्तरांतून मुक्त झालेल्या गुलामांचे लेखन शोधून काढले आणि १९८२ पासून ते खंडशः, शुद्धलेखनात बदल न करता, प्रसिद्ध केले. त्यांत मिसूरी राज्यातील स्पॉट्सवुड राइस या सैनिकाची सप्टेंबर १८६४ मधील दोन पत्रे आहेत. गुलामगिरीतून निघून तो सैन्यात दाखल झाला होता आणि सेंट लुइसजवळच्या लष्करी रुग्णालयात होता. एक पत्र अजून दास्यात असलेल्या आपल्या मुलींना आहे : मी सैन्य घेऊन येत आहे, धीर धरा, अशा आशयाचे. दुसरे आहे त्यांपैकी एका मुलीच्या मालकिणीला. मूल चोरण्याचा आरोप करणाऱ्या त्या बाईला तो बजावतो की मूल ईश्वराने आपल्याला दिलेले आहे, आणि अडवणूक केल्यास त्याचे फळ तिला भोगावे लागेल. मालकिणीचा भाऊ त्या गावचा पोस्टमास्तर होता. त्याने दोन्ही पत्रे सेनापतीकडे धाडून राइसला राज्याबाहेर घालवावे अशी मागणी केली, आणि म्हणूनच ती दप्तरात जपली गेली. तक्रारीला जोडलेला पुरावा म्हणून हे वाङ्मय वाचले.

कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याचे पत्र याच जातीचे, पण लेखणी सराईत. मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या पलटणीतील हा सैनिक न्यू बेडफर्डच्या वृत्तपत्राला नियमित वार्तापत्रे पाठवी. २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्याने थेट अध्यक्ष लिंकन यांना लिहिले. गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर मिळत असताना काळ्या शिपायाला १० डॉलर, आणि त्यांतूनही कपड्यांसाठी ३ डॉलर कापून घेतले जात. आपण सैनिक आहोत की मजूर, हा त्या पत्रातील प्रश्न. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मान्य केले तेव्हा गुडिंग शत्रूच्या कैदेत होता. पुढच्याच महिन्यात अँडरसनव्हिलच्या बंदिशाळेत तो मरण पावला.

या पत्रांना प्रांजळपणाची कसोटी लावून काही हाती लागत नाही. मन मोकळे करण्यासाठी ती लिहिलेली नाहीत. काहीतरी घडवून आणण्यासाठी लिहिलेली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते मुक्ती देणारे होते; ही पत्रे मुक्ती घेणाऱ्यांची आहेत. अमेरिकन युद्धवाङ्मयाच्या निवडक संग्रहांत बलू पुढे आणि राइस मागे असतो, हा क्रम उलटा करण्यास सबळ वाङ्मयीन कारणे आहेत. बलूच्या पत्रात भाषा आधीच तयार आहे. राइस ती वाक्यावाक्याला मिळवतो.

भारतीय भाषांत हे लेखन आणू पाहणाऱ्यापुढे येथे खरी अडचण उभी राहते. राइसचे लेखन कानाला ऐकू येईल तसे आहे. विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. मराठीत उच्चार आणि लेखन यांत इंग्रजीएवढे अंतर नाही; म्हणून अशुद्ध लेखनाची नक्कल केली की तो ग्रामीण बोली बोलणारा विनोदी पात्र होऊन बसतो. तो मार्ग सर्वथा टाळावा. मोडीतील जुनी पत्रे शब्द न तोडता, विराम न घालता सलग चालत. तो प्रवाह वापरला तर राइसच्या वाक्यांचा दम मराठीत उतरू शकेल. संबोधनाचा प्रश्न त्याहून अवघड. इंग्रजीतील एकच सर्वनाम मालकिणीला उद्देशून आले की मराठीत ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? ‘तू’मध्ये सूड येतो आणि पत्राची पातळी खाली येते. त्याच्या संतापात कायद्याची आणि ईश्वराची साक्ष आहे, शिवीगाळ नाही. म्हणून ‘तुम्ही’ पत्करावे. ‘बाईसाहेब’ हा शब्द मात्र येता कामा नये.